कुणालाही लागू न देण्याचा महिना

२ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ७.४०

आज जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमध्ये वर्गातल्या जुळ्या बहिणींपैकी एकीचा पाय मुरगळला. बीमवरून उडी मारून उतरताना. बीम म्हणजे माझ्या छातीएवढ्या उंचीवर आडवी बसवलेली, जेमतेम पंजाएवढी रुंद पट्टी. त्यावर ह्या मुली गिरक्या घेतात. कोचबाईंनी बर्फ लावला, पाय उंच ठेवला, दहा मिनिटांत पोरगी खिदळत होती. मी मात्र पालकांच्या बाकावर गंभीर बसून होतो. त्याच बीमवर रोज खारू चढते.

(खारू म्हणजे आमची मुलगी. वय अकरा. खारीसारखी कशावरही चढते म्हणून खारू. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही, तरी माहिती पूर्ण द्यायची सवय आहे. धंद्याचा परिणाम.)

माझा धंदाच अपघात टाळण्याचा. मिक्सर, इस्त्र्या, पंखे बनवणाऱ्या कंपनीत मी सूचनापत्रकं लिहितो. ‘झाकण घट्ट बसल्याखेरीज मिक्सर सुरू करू नये’ हे वाक्य माझं आहे. सोळा वर्षांत त्याने किती भिंती वाचवल्या असतील, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

निश्चय: ह्या महिन्यात हॉलमध्ये एकही दुखापत होऊ द्यायची नाही. शून्य. आजची धरायची नाही. निश्चय नंतर केला.

४ फेब्रुवारी, बुधवार

नेमणूक झाली!

कोचबाईंना जाऊन म्हटलं, सुरक्षेची सगळी जबाबदारी माझ्यावर सोपवा. त्या एका मॅटचं टोक धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, “दुसरं टोक धरा.” धरलं. मॅट भिंतीपाशी टेकवल्यावर म्हणाल्या, अशा चौदा असतात, रोज हलवाव्या लागतात, येत असाल तर या.

म्हणजे होकारच. पदाचं नाव त्या बोलल्या नाहीत. ‘सुरक्षा प्रमुख’ बरं वाटतं.

घरी सांगितलं. बायको हाडांच्या हॉस्पिटलात नर्स आहे, प्लास्टरच्या खोलीत. तिने अभिनंदन केलं नाही. एवढंच विचारलं, अहो, तुमच्या कमरेचं काय? खारूने विचारलं, बाबा, तू रोज येणार? रोज? मुलीला किती आनंद झाला होता ते आवाजावरून कळत होतं.

कंबर थोडी धरली आहे. ही दुखापत नव्हे. हे श्रम.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

हॉलसाठी सूचनापत्रक तयार. एकेचाळीस सूचना, सहा पानं, लॅमिनेट केलेली. ऑफिसात साहेब रजेवर होते, त्यामुळे कामात व्यत्यय आला नाही.

सूचना १: उंचावरून पडू नये.
सूचना २: पडणे अपरिहार्य असल्यास सावकाश पडावे.
सूचना १७: डोके खाली व पाय वर अशा स्थितीत विनाकारण राहू नये.

भिंतीवर लावल्या. जुळ्यांपैकी पाय शाबूत असलेलीने सतरावी सूचना मोठ्याने वाचली आणि बाकीच्या मुली जमिनीवर लोळून हसल्या. हरकत नाही. जमिनीवर लोळणं सुरक्षित आहे. कोचबाई म्हणाल्या, हे सगळं पाळलं तर जिम्नॅस्टिक्सच बंद पडेल. मी म्हटलं, त्यावरही विचार करता येईल.

संध्याकाळी पान तीनची चिकटपट्टी सुटली. पान खाली पडलं. माझा पाय त्यावर पडला. लॅमिनेशन चांगल्या दर्जाचं असल्यामुळे मी बराच लांब गेलो. पान तीनवर सूचना २० आहे: ‘घसरण्याजोग्या वस्तू जमिनीवर टाकू नयेत.’ म्हणजे सूचना किती अचूक होती!

कोचबाईंनी अपघात नोंदवही पुढे केली आणि माझं नाव लिहायला लावलं. कोपर, खरचटणे. मी समजावलं की शून्याचा निश्चय खेळाडूंपुरता आहे, अधिकारीवर्ग त्यात येत नाही. त्यांनी पेन माझ्यापुढे तसंच धरून ठेवलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

उपकरणांची तपासणी. बीमपासून सुरुवात.

पट्टी डळमळते का, हे खालून कळत नाही. वर उभं राहिल्यावरच कळतं. मुली पाणी प्यायला गेल्या तेव्हा खुर्ची लावून चढलो. पहिली तीन पावलं उत्तम. चौथ्या पावलाला लक्षात आलं की खुर्ची मागे राहिली आहे.

निष्कर्ष: बीम डळमळत नाही. तसूभरही नाही. मी त्यावर दोन्ही बाजूंना एकेक पाय टाकून बसलो तेव्हाही हलली नाही. थोडी हलली असती तर बरं झालं असतं.

धाकट्या कोचने (ही कॉलेजात शिकते, कोचबाईंच्या हाताखाली आहे, फार लाजाळू) विचारलं, काका, बर्फ देऊ का? मी नाही म्हटलं. नंतर हो म्हटलं. नोंदवहीत जागेचं नाव लिहिताना ‘इतर’ असं लिहिलं.

११ फेब्रुवारी, बुधवार

अजून सावकाश बसतो आहे.

आज स्वच्छता मोहीम. मुली हाताला खडूची पांढरी पूड लावून बारवर लोंबकळतात. ती पूड बारवर साचते. कळकट दिसतं. ऑफिसातून आमच्या कंपनीचं फर्निचर पॉलिश नेलं होतं. सगळ्यांच्या आधी पोचून दोन्ही बार आरशासारखे चकचकीत केले. चेहरा दिसत होता.

कोचबाई आल्या. त्यांची सवय अशी, की वर्गाआधी प्रत्येक उपकरणाला हात लावून बघायचा. बारला हात लावला, तो सरकन निसटला. मुलींना पळायला बाहेर पाठवलं आणि स्वतः गरम पाणी, फडकी आणि घासणी घेऊन पुसत बसल्या. दीड तास. मधे एकदा माझ्याकडे पाहिलं. स्वच्छतेचं महत्त्व पटलं की माणूस असा झपाटून जातो.

उरलेली बाटली त्यांनी मागून घेतली. आवडलेली दिसते.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

स्पर्धा २८ तारखेला. खारू संघात आहे! स्पर्धेमुळे कोचबाईंना दोन आठवडे बैठकांना जावं लागतं, त्या अर्धा तास उशिरा येणार. तोवर वर्ग धाकट्या कोचकडे. म्हणजे माझ्याकडे.

इथली एक पद्धत मला पहिल्यापासून खटकत होती. वर्गाआधी मुली रांगेत उभ्या राहतात आणि प्रत्येकीने कुठे दुखतंय ते ओरडून सांगायचं. “टाच!” “गुडघा!” “काही नाही!” “कालचीच मांडी!” भाजीबाजार नुसता. मग कोचबाई टाचवालीच्या उड्या कमी करणार, गुडघेवालीला बारवर पाठवणार. सगळं तोंडी. कागद नाही, सही नाही.

आजपासून बंद. त्याऐवजी माझं ‘वेदना-नोंद पत्रक’. प्रश्न सव्वीस, दोन प्रती, पालकांची सही. कुठल्याही प्रश्नाला ‘हो’ आलं की मुलगी सक्तीने दहा दिवस बाकावर. उगाच जोखीम नको.

धाकटी कोच म्हणाली, काका, मॅडमना विचारलं असतंत तर... मी म्हटलं, मॅडम आधीच कामात बुडाल्या आहेत.

१४ फेब्रुवारी, शनिवार

फोमच्या खड्ड्याची सखोल पाहणी केली. तितकी सखोल करण्याचा विचार नव्हता.

नवी उडी शिकताना मुली ज्यात पडतात तो हा खड्डा. फोमच्या उशीएवढ्या तुकड्यांनी भरलेला. खोली किती ते पाहायला वाकलो. नंतर खोली आतून कळली. यात एक गोष्ट चमत्कारिक आहे: धडपड करावी तसा माणूस खाली जातो. मी साधारण पाच मिनिटं धडपडलो आणि काखेपर्यंत पोचलो. मग हाक मारली. फोम आवाज शोषून घेतो, ह्याचीही चाचणी झाली.

शेवटी मुलींनी चढायचा दोर टाकला आणि आठ जणींनी मला ओढून काढलं, “हइसा, हइसा” करत. उजवा बूट आतच आहे. बाकीच्या दोन्ही हातांनी ओढत होत्या, आमची खारू एकाच हाताने, आणि तोही डावा! ताकद बघा पोरीची.

माझ्या नेमणुकीनंतर नोंदवहीत आलेली चारही नावं माझीच आहेत. (कोपर, इतर, मॅट उचलताना कंबर, आज मान.) ह्यातून खेळाडूंची सुरक्षितता किती वाढली ते स्पष्ट होतं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

पत्रकांचा निकाल. पंधरा मुली, पंधरा पत्रकं, सव्वीस प्रश्न. ‘हो’ किती? एकही नाही!!

आधी रोज पाच-सहा जणी कुठे ना कुठे दुखतंय म्हणून ओरडत. एका पत्रकाने दुखणीच संपली. सोळा वर्षं लिहितोय, पण कागदाची ताकद अशी डोळ्यांसमोर कधी बघितली नव्हती.

खारूमध्येही फरक दिसतो आहे. सकाळी ब्रशने दात डाव्या हाताने घासत होती. जॅमची बरणी गुडघ्यांत धरून डाव्या हाताने उघडली. मी वाचलं होतं, जिम्नॅस्टिक्समुळे मेंदूच्या दोन्ही बाजूंचा विकास होतो. होतोय.

बायकोला हा शून्याचा आकडा सांगितला. ती ड्युटीवरून येऊन पाय ताणून बसली होती. म्हणाली, “दुखायचं थांबलंय, की सांगायचं थांबलंय?” मी म्हटलं, तू दमली आहेस.

१८ फेब्रुवारी, बुधवार. डाव्या हाताने लिहितो आहे, अक्षर असंच येणार

पडण्याचं शास्त्र असतं. व्हिडिओत एक माणूस दाखवतो: हनुवटी छातीला, अंगाची गुंडाळी, खांद्यावरून लोळण. हात टेकायचा नाही. हात टेकला की मनगट गेलं. हे सगळं मी मुलींना समजावून सांगितलं, दोनदा सांगितलं, मग करून दाखवलं.

हात टेकला.

एक्स-रे काढायला बायकोच्याच हॉस्पिटलात. हाड शाबूत, फक्त लचक. तिने स्वतः पट्टी बांधली. मी धीराने सहन केलं. बाहेरच्या बाकावरचे दोन पेशंट उठून गेले म्हणतात, पण त्याची इतर कारणं असू शकतात.

खारू सगळा वेळ टेबलाशी उभी राहून पट्टीकडे बघत होती. मग आईला हळूच विचारलं, मनगट बरं व्हायला किती दिवस लागतात? आणि पट्टी नाही बांधली तर? आणि कुणाला न सांगता बरं होतं का? बापाची किती काळजी! बायकोने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. “तुला काही झालंय का गं?” खारू म्हणाली, नाही, बाबासाठी विचारलं. मला भरून आलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

कोचबाई आज वेळेवर आल्या. पत्रकांचा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला. तीन दिवसांची पंचेचाळीस पत्रकं, शून्य वेदना. त्यांनी चार-पाच उलटून पाहिली. विचारलं, दहा दिवस बाकावर हे कुणी ठरवलं? मी नम्रपणे मान्य केलं. त्या म्हणाल्या, “स्पर्धेला आठ दिवस राहिलेत, आणि पंधरा मुलींतल्या एकीचीही टाच दुखत नाही? माझी दुखते.” आणि सोमवारी वर्ग सुरू व्हायच्या आधी आपण बोलू म्हणाल्या.

बहुधा पत्रक दुसऱ्या क्लबांनाही द्यायचं असावं. सोमवारसाठी भाषणाचे मुद्दे काढतो आहे.

२३ फेब्रुवारी, सोमवार

बोलणं झालं नाही. मीच पंखा पॅकिंगच्या मीटिंगमध्ये अडकलो, वीस मिनिटं उशिरा पोचलो. तोवर वर्ग सुरू झाला होता.

व्हॉल्टचा सराव. लांबून पळत यायचं, फळीवर उडी, दोन्ही हात घोड्यासारख्या टेबलावर टेकवायचे, अंगाला झोका देऊन पलीकडे. खारूची पाळी. पळत आली. मस्त वेग. आणि टेबलाच्या दोन पावलं अलीकडे थांबली.

परत मागे गेली. परत पळाली. परत थांबली.

मी बाकावरून ओरडलो, शाब्बास, सावकाश, घाई नको! तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. चालत कोचबाईंपाशी गेली, उजवा हात पुढे केला आणि काहीतरी म्हणाली. कोचबाई खाली बसल्या, मनगट दोन बोटांनी दाबलं. खारूने ओठ आवळला. एवढंच. आवाज नाही, काही नाही.

मी धावत गेलो. (नोंद: मॅटच्या कडेला अडखळलो. लिहिण्यासारखं नाही.)

२४ फेब्रुवारी, मंगळवार

खारूच्या मनगटाजवळ हाड जिथे वाढतं तिथे ताण आलाय. मोडलेलं नाही. हातावर भार द्यायचा नाही, सहा आठवडे. डॉक्टर म्हणाले, अजून आठवडाभर उड्या मारल्या असत्या तर महिनोन्‌महिने घरी बसावं लागलं असतं. मुलगी वेळेत बोलली.

स्पर्धा गेली.

किती दिवसांपासून दुखत होतं, असं बायकोने विचारलं. खारू म्हणाली, बारा दिवस. मग सांगितलं का नाहीस? ती छताकडे बघत म्हणाली, “‘हो’ लिहिलं असतं तर बाबाने दहा दिवस बाकावर बसवलं असतं. मॅडमना नुसतं सांगितलं असतं तर त्यांनी हात सोडून बाकीचं करायला दिलं असतं. पण रांग बंद झाली ना.”

बायको खारूच्या हाताखाली उशी लावू लागली. तिने काही बोलावं म्हणून मी दोनदा खाकरलो.

पत्रकात मूलतः दोष नाही. अंमलबजावणीत असेल. छपाईत अक्षर बारीक होतं. सव्वीस प्रश्न जरा जास्त झाले असतील. मुलींनी प्रामाणिकपणे भरणं अपेक्षित होतं. धाकट्या कोचने ठामपणे विरोध केला असता तर

इथवर लिहून मागची पानं चाळली. डावा हात, डावा हात, डावा हात. तीनदा लिहिलंय. माझ्याच अक्षरात. मेंदूचा विकास म्हणून.

२५ फेब्रुवारी, बुधवार

कोचबाईंनी पुन्हा रांग लावली. माझ्यासमोर. म्हणाल्या, कुणालाही बाकावर बसवणार नाही, खरं सांगा.

“टाच.” “टाच.” “नडगी.” “गुडघा, पण थोडासा.” “दोन्ही टाचा.” “पाठ, वाकल्यावर.” आणि पाय मुरगळलेली जुळी, जिचा घोटा तीन आठवड्यांत बरा झालाय असं मी नोंदवहीत स्वतः लिहिलं होतं: “घोटा. आता फक्त सकाळी.”

खारूखेरीज चौदापैकी सात. कोचबाईंनी एकेकीला काय करायचं, काय सोडायचं ते सांगितलं. सगळं मिळून चार मिनिटं लागली. मी घड्याळ लावलं होतं. सवयीने.

मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, उद्यापासून मॅट हलवायला येऊ नका. मी म्हटलं, मनगटामुळे ना? त्या म्हणाल्या, नाही. पुढे म्हणाल्या, “काका, तुमच्या मनात काही वाईट नव्हतं ते मला दिसतं. पण इथे मुली मला घाबरल्या तर मी काहीच वाचवू शकत नाही.” ‘मला’ म्हणाल्या. ‘तुम्हाला’ म्हणायला हवं होतं. चांगली बाई आहे.

भिंतीवरची पानं मी स्वतः काढली. पाच निघाली, पान दोन निघेना. राहू दिलं.

२८ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी

स्पर्धा. खारूच्या जागी सातवीतली एक लांब पायांची मुलगी उतरली. संघ चौथा आला, नऊपैकी. खारू संघाचा पोशाख घालून, हाताला आधारपट्टी लावून, डाव्या हाताने सगळ्यांना खडूची पूड देत होती आणि प्रत्येकीच्या उडीला सगळ्यांत मोठ्याने ओरडत होती. मी प्रेक्षकांत, वरच्या रांगेत. कुणी पडलं की उठून उभा राहत होतो. मागच्या बाई म्हणाल्या, अहो, बसा ना, दिसत नाही. बसलो.

संपल्यावर बायको गाडी काढायला गेली. आम्ही दोघं हॉलच्या पायऱ्यांवर बसलो. दोघांचंही उजवं मनगट बांधलेलं. एकच केळं होतं. तिने डाव्या हाताने आणि मी डाव्या हाताने मिळून ते सोललं, बराच वेळ लागला, थोडं खाली पडलं.

सॉरी म्हणायचं होतं. घरून तीन वाक्यं तयार करून आणली होती. एकही आठवेना. म्हणून नुसतं विचारलं, दुखतंय का गं?

ती म्हणाली, थोडंसं. पट्टी सैल झाली की जास्त. आणि मघाशी त्या मुलीने माझीच उडी मारली ना, तेव्हा खूप दुखलं, पण मनगटात नाही.

मी मान हलवली. काही सुचवलं नाही. सुचलं होतं, पण नाही सुचवलं.

मग तिने संशयाने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, बाबा, हे तू कुठे लिहून ठेवणार नाहीस ना?

मी म्हटलं, छे, अजिबात नाही.

आणि आता हे सगळं लिहून झाल्यावर लक्षात येतंय.